पाचशे तुकडे आणि सहावं मत

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तीन दिवस आधी इंदिरा धुळ्याहून माहेरी आली, तेव्हा घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि बाकीची सगळी त्याबद्दलच बोलत होती.

न बोलणारे दोघे म्हणजे तिचे वडील चुडामणभाऊ आणि धाकटे काका बन्सीलालनाना. एका घरात राहून, एकाच मळ्यात केळी लावून आणि एकाच बैठकीत सकाळचा चहा घेऊन त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आता भाऊंचा चहा बैठकीत जायचा आणि नानांचा मागच्या ओट्यावर. मध्ये सुनंदाकाकू, म्हणजे नानांची बायको, दोन्हीकडे कपबशा पोचवून दमली होती.

भांडणाचं मूळ होतं गावच्या फ्रूट सेल सोसायटीत. केळीची वॅगन कोणाच्या मालानं भरायची हे ठरवणारी ती सोसायटी, आणि तिचे चौदा वर्षांचे चेअरमन भाऊ. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. अकरा सभासदांपैकी पाच विरोधात आहेत, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. उरलेली सहा मतं त्यांची स्वतःची होती. त्यातली तीन तर घरातलीच. एक भाऊंचं, एक नानांचं आणि एक मधल्या भावाच्या विधवेचं, बेबाकाकूंचं. काकूंना महिला सभासद म्हणून भाऊंनीच घेतलं होतं. बाहेरचे तिघे म्हणजे रुपचंद, मगन आणि तोताराम. तिघांनी मनुदेवीची शपथ वाहिली होती.

चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा ठरावाच्या बाजूने सहा निघाल्या आणि विरुद्ध पाच. भाऊंची खुर्ची गेली. सहापैकी एकानं दगा दिला होता. देवीची शपथ कोणी मोडणार नाही, बेबाबाई तर गरीब गाय, म्हणजे राहिले नाना. शिवाय महिनाभरापूर्वी वॅगनवरून नाना भर बैठकीत भाऊंना बोलले होते, 'दर खेपेस आपलाच माल आधी चढतो, लहान शेतकऱ्याची केळी फलाटावर पिकून जाते, हे बरं नाही.' तेवढं पुरे होतं. भाऊ त्यानंतर गावात भेटेल त्याला सांगत सुटले, की मला परक्यानं नाही, माझ्या पाठच्या भावानं पाडलं.

नानांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

"आखाजीले निकाल लागेल बघ," इंदिराचा भाऊ पंडित तिला बसस्टँडवरून आणताना म्हणाला. मोटारसायकलवर मागे बसलेल्या बहिणीला तो हे आनंदाची बातमी सांगावी तसं सांगत होता. "सालदाराचं साल आखाजीले बदलते. मंग घराचंबी बदलू दे. भाऊंनी ठरवलं आहे. जेवणं झाले का चूल वेगळी, मळा वेगळा."

"आणि तुला ते हवंच आहे."

"मले काय, भाऊ म्हणतील ते."

पंडितला काय हवं होतं हे इंदिराला चांगलं माहीत होतं. मळ्यावर नळ्या टाकून थेंबाथेंबानं पाणी द्यायचं त्याच्या डोक्यात होतं आणि नाना अजून दांडानं पाणी भरण्यावर अडून बसले होते. पण तिचा प्रश्न वेगळाच होता. ती चव्वेचाळीस वर्षांची, धुळ्याच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणारी, दोन मुलांची आई. तरी आखाजी जवळ आली की तिला माहेर आठवे, आणि माहेर म्हणजे हे सगळं घर. आई गेल्यावर तिला न्हाऊमाखू घातलं ते सुनंदाकाकूनं. उद्या घराचे दोन दरवाजे झाले तर लेकीनं कोणत्या दरवाजातून आत यायचं? तिला रडू आलं, आणि मोटारसायकलवर वारा लागतो म्हणून डोळे पुसायला सोयीचं झालं.

बैठकीत पाहते तर भाऊ पलंगावर बसून खेळत होते.

नानांचा अभिमन जळगावला पाइपच्या कारखान्यात इंजिनिअर होता. कंपनीनं त्याला सहा आठवडे इंग्लंडला पाठवलं होतं. येताना त्यानं आई-काकूंसाठी स्वेटर आणले. ऐन उन्हाळ्यात ते बघूनच बायकांना घाम फुटला. मुलांसाठी एक मोठं खोकं आणलं, त्यात पाचशे तुकडे. जोडले की चित्र तयार होतं. मुलांनी एक दिवस जोडलं आणि कंटाळून झोक्यावर पळाली. कारण चित्र रंगीत नव्हतंच. जुन्या काळी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, नुसत्या काळ्या रेघांचं. प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखा. सुनंदाकाकूनं तर पहिल्या दिवशी डाळीतले खडे निवडावेत तसे ते सुपात घेऊन पाखडायला काढले होते.

चौदा वर्षांत पहिल्यांदाच दुपारी घरी असलेल्या भाऊंनी ते खोकं ताब्यात घेतलं. पलंगावर प्लायवूडची फळी, फळीवर तुकडे, डोळ्यांवर चष्मा. तुकडा बसला नाही की तो मुठीनं ठोकून बसवायचे.

"भाऊ, ठोकायचं नसतं. बसणारा तुकडा आपोआप बसतो."

"ये, मास्तरीण. बस इथी. हे काय चाललं आहे, ते सांग मले. हा टोपीवाला कोण?"

खोक्याच्या झाकणावर पूर्ण चित्र होतं. इंदिरानं ते उचललं आणि तिला हसू आलं. हाच प्रसंग ती दरवर्षी नववीच्या मुलींना हातवारे करून सांगत असे.

"हा इंग्लंडचा राजा, भाऊ. पहिला चार्ल्स. ही त्यांची लोकसभा समजा. पाच सभासद त्याच्या विरोधात गेले, म्हणून त्यांना पकडायला तो शिपाई घेऊन थेट सभागृहात शिरला. तोवर कुठल्याच राजानं असं केलं नव्हतं."

"पाच," भाऊ म्हणाले. "मंग?"

"पाचही आधीच पळालेले. राजानं सभापतीची खुर्ची मागून घेतली आणि विचारलं, कुठे आहेत ते? हा गुडघे टेकलेला दिसतो ना, तो सभापती. तो म्हणाला, महाराज, मला इथे बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. हे सभागृह सांगेल तेवढंच मी बघतो आणि तेवढंच बोलतो."

भाऊंनी त्या गुडघे टेकलेल्यावर बोट ठेवलं. "लबाड आहे," ते म्हणाले. "पण राजाले पाया पडून नाही म्हणणं, याले छाती लागते. राजानं काय केलं?"

"काय करणार? गेला परत."

"आमच्याकडे अशी छाती कोणात नाही. मले पाडायचं तर पाडा ना, समोर उभं राहून पाडा! चोरून काह्याले?" तुकडा तसाच हातात धरून ते बोलू लागले. त्यांना तेच बोलायचं होतं, राजा फक्त निमित्त होता. "निबंधकाच्या ऑफिसातून साहेब आला. चिठ्ठ्या वाटल्या. दोन रकाने, वरचा आणि खालचा, आणि एक रबरी शिक्का. मी चेअरमन, पहिला शिक्का माह्या. हात थरथरला नाही माह्या. चौदा वर्षं जसा मारला तसा मारला, वरच्या रकान्यात, ठसठशीत. बन्सी बाजूच्याच खुर्चीवर होता. माह्या डोळ्यांत बघितलं नाही त्यानं. चोराच्या मनात चांदणं."

इंदिरा राजाच्या काठीचा तुकडा शोधत होती. तिनं नुसता हुंकार भरला.

आखाजीच्या दिवशी सकाळी घागरी भरून झाल्या, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पितरांना नैवेद्य दाखवून झाला आणि बायका पुरणाचे मांडे करायला बसल्या. चुलीवर मातीचं पालथं खापर तापलं होतं. सुनंदाकाकू हातावर मांडा फिरवून मोठा करत होती. बेबाकाकू पुरण भरत होत्या आणि इंदिरा कणीक तिंबत होती. गावातल्या लेकी निंबाला बांधलेल्या झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. या तिघींच्या तोंडात मात्र एकच विषय.

"भाऊ आज बोलणार म्हणे," सुनंदाकाकू म्हणाली. "बोलू दे. मी पोरीसारखी आली या घरात. जाताना म्हातारी होऊन जाईन." तिचा हात थांबला नाही, पण मांडा फाटला. तिच्या हातून फाटलेला मांडा इंदिरानं प्रथमच पाहिला.

"काकू, नानांनी खरंच नाही ना दिलं विरोधात मत?"

"मी काय इचारलं असेल नाही? बठ्ठं सगळं इचारून झालं. त्या माणसाच्या तोंडाले कुलूप आहे."

बेबाकाकू इतका वेळ गप्प होत्या. सोसायटीच्या सभेतही त्या गप्पच बसत. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही आणि त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही, ही या घराची रीत. भाऊ चेअरमनच्या खुर्चीत आणि बेबाकाकू सभासदाच्या, तरी सोसायटीतल्या पाच वर्षांतही दोघांत शब्द झाला नव्हता. काही सांगायचं असलं तर मध्ये नाना लागत.

"मी तर नानांनी सांगितलं तसा मारला बाई शिक्का," त्या म्हणाल्या. "मले भेव वाटत होतं चुकायचं. आदल्या दिवशी नानांनी जमिनीवर कोळशानं काढून दाखवलं. वहिनी, खालच्या रकान्यात मारा. खालचा म्हणजे ठराव पाडायचा. वरच्यात मारला तर भाऊंची खुर्ची गेली समजा. रुपचंद, मगन, तोताराम, बठ्ठ्यांना असंच काढून दाखवलं."

"बरोबर," इंदिरा म्हणाली. मग तिचे हात कणकेत तसेच राहिले.

"भाऊंनाही दाखवलं होतं का, काकू?"

"अगं बाई! चेअरमनले कोण दाखवणार?"

इंदिरानं हात धुतले. भाऊंनी तर सांगितलं होतं, वरच्या रकान्यात, ठसठशीत. चौदा वर्षं सोसायटीत भाऊंनी मांडलेलेच ठराव आले. ठराव म्हणजे भाऊंचा, आणि भाऊंचा म्हणजे वरच्या रकान्यात शिक्का. पहिल्यांदाच ठराव त्यांच्याविरुद्ध होता. हात मात्र सवयीनं वरच्याच रकान्यात गेला होता.

नाना गोठ्यात बैलांना मांड्याचा घास देत होते. इंदिरानं आडवळण घेतलं नाही.

"नाना, तुम्ही भाऊंच्या बाजूच्या खुर्चीवर होता. त्यांनी शिक्का कुठे मारला, ते तुम्ही पाहिलं."

नानांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरी, तू मास्तरीण झाली ते वाईट झालं."

"का नाही सांगितलं?"

"तोंड उघडलं तर साहेब म्हणे, बोलायचं नाही. चिठ्ठी डब्यात गेली. मंग काय सांगू? भाऊ, तुम्हीच तुम्हाले पाडलं? उभ्या तालुक्यात हसं होईल त्या माणसाचं. फैजपूर, सावदा, रावेर. केळीवाला भेटला का हसेल. भावानं पाडलं म्हटलं तर लोक त्याची कीव करतात. करू दे. कीव बरी."

"आणि तुम्हाला चोर म्हणतात ते?"

"मले हसत नाहीत ना."

"नाना, आज घर फुटतंय!"

"ते समजते मले. काही सुचलं तर पाहू. पण तू बोलायचं नाही. तुले माह्या गळ्याची आण."

इंदिरा परत आली ती स्वतःवरच चिडत. दरवर्षी नववीच्या वर्गात सभापतीच्या धैर्यावर ती तास गाजवायची. न बोलणं एवढं सोपं असतं आणि एवढं महाग पडतं, हे पुस्तकात कुठे होतं? बैठकीत भाऊंनी शेवटची ओळ लावत आणली होती. तिला बघून ते खूश झाले. "संपलं बघ! राजा बसवला, शिपाई बसवले. त्या गुडघे टेकणाऱ्याचं तोंड सापडत नव्हतं, तेबी सापडलं."

तिनं ठरवलं, जेवणं झाली की भाऊंना एकट्याला गाठायचं आणि सांगायचं. नानांची आण मोडली तर मोडली.

पण भाऊंनी तेवढी सवड दिली नाही. आमरस आणि मांडे खाऊन माणसं सुस्तावली होती, अभिमन पान लावत होता, तोच भाऊ म्हणाले, "बायकांनाबी बोलवा. दारात बसा बठ्ठ्या."

सुनंदाकाकू आणि बेबाकाकू पदर ओढून दाराआड बसल्या. इंदिरा उंबऱ्यावर टेकली. पंडित भिंतीला पाठ लावून बसला. नाना सगळ्यांत शेवटी आले आणि सतरंजीच्या कडेला बसले, पाहुण्यासारखे.

"मी लांबण लावत नाही," भाऊ म्हणाले. खुर्ची गेली तरी सभेचा आवाज गेला नव्हता. "आखाजी आहे. साल बदलते. तीन आठवडे झाले, माह्या घासात खडा आहे. बन्सी, तुले आता शेवटचं इचारतो. पोराबाळांसमोर इचारतो. तू हो म्हण, चुकलो म्हण, मी आत्ता विसरून जाईन. माह्या तोंडून पुन्हा नाव निघणार नाही. पण मुक्यासारखा बसला तर पंडित उद्यापासून वाटणीचं बघेल. बोल."

"भाऊ," इंदिरा उठली. "आधी मला तुमच्याशी एकट्याशी—"

"तू बस. लेकी मधे बोलत नाहीत."

"पण भाऊ—"

"इंदिरे, बस खाली," हे नाना म्हणाले. आवाज शांत होता. त्यांनी घसा साफ केला आणि थोरल्या भावाकडे तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. "हो भाऊ. चुकलो. मीच."

दाराआड सुनंदाकाकूच्या बांगड्या वाजल्या. अभिमनच्या हातातलं पान तसंच राहिलं. पंडितनं मान वळवली. कबुलीजबाब त्याला नकोच होता, कबुलीनं वाटणी मोडत होती.

इंदिराला सगळं उमगलं. नानांना सुचलं होतं ते हेच. हो म्हटलं की माफी, माफी मिळाली की घर शाबूत, आणि भाऊंची अब्रूही शाबूत. एका खोट्यात तिन्ही कामं. ती परत उंबऱ्यावर टेकली.

भाऊंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसला नाही. ते एकदम म्हातारे दिसू लागले. "काहून रे?" ते म्हणाले. "त्या वॅगनवरून?"

"हो. राग होता. डोकं फिरलं होतं." नाना खोटं बोलायला सरावलेले नव्हते. बोलताना ते गरजेपेक्षा जास्त बोलू लागले. "साहेबानं चिठ्ठी देली. बठ्ठ्यांना मी सांगितलं होतं, खालच्या रकान्यात मारा. आणि मीच गेलो आणि वरच्यात मारला. वरच्यात मारला का तुमची खुर्ची जाते, माहीत होतं मले. तरी मारला."

"जाऊ दे," भाऊ म्हणाले. "झालं ते झालं. मी बोललो ते बोललो. तू वरच्या..."

ते थांबले.

झोक्यावरचं गाणं बाहेर चालूच होतं. भाऊंनी उजवा हात समोर धरला आणि शिक्का धरावा तशी बोटं मिटली. मग हवेतच एकदा वर दाबला आणि एकदा खाली.

"वरच्यात तर मी मारला," ते म्हणाले.



"बेबाबाई," भाऊंनी दाराकडे न बघता हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही कोठी मारला?"

पदराआडून आवाज आला, "खालच्यात, भाऊ."

"बन्सी. तू?"

नाना सतरंजीचा धागा ओढत बसले.

"तू माह्या बाजूले होता. तू पाहिलं. बन्सी, तू पाहिलं ना रे?"

"भाऊ, जाऊ द्या ना आता. मी हो म्हटलं ना? मिटलं."

"तीन आठवडे?" भाऊंचा आवाज फाटला. "तीन आठवडे मी तुले गावभर चोर म्हणत फिरलो आणि तू मागच्या ओट्यावर चहा पीत बसला?"

सगळ्यांच्या आधी भानावर आला तो पंडित. "भाऊ, आता एक करा. हे इथल्या इथी राहू द्या. घराबाहेर एक शब्द जायले नको. लोकांना काय, टपूनच बसले आहेत."

"आणि बन्सीचं नाव कोठी गेलं होतं? घरातच राह्यलं होतं का?" भाऊ उठले. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली. "सोसायटीत गेलं. टपरीवर गेलं. स्टेशनात हमालांना सांगितलं मी. ते जसं गेलं तसं हेबी जाईल."

"भाऊ, हसतील लोक!" नाना धडपडत उभे राहिले.

"हसू दे."

"अहो, जलमभर हसतील!"

"मंग जलमभर हसू दे!" म्हणत भाऊ चपला न घालताच पायऱ्या उतरले. समोरच्या निंबाखाली आखाजीचे पत्ते रंगले होते. अर्धा गाव तिथं बसला होता. रुपचंद, मगन, तोताराम होते आणि विरोधातले पाचही होते. उन्हानं तापलेल्या मातीतून थोरला पुढे आणि धाकटा मागे, दोघेही अनवाणी. नाना त्यांचा सदरा धरून मागे ओढत होते आणि भाऊ हात झटकत होते. पंडितनं कपाळावर हात मारला. सुनंदाकाकू रीत विसरून दारातून बाहेर आली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी तिला कळलं नाही.

इंदिरा ओट्यावर येऊन उभी राहिली. निंबाखाली पत्ते थांबले. भाऊ उभे राहूनच बोलत होते, फार नाही, चारदोन वाक्यं. उजवा हात वर करून त्यांनी शिक्का कसा मारला ते दाखवलं. मग कोणीतरी एकानं फिस्स केलं, त्याला दुसऱ्यानं साथ दिली, आणि मग निंबाखालची सगळी माणसं पोट धरून हसू लागली. विरोधक हसत होते, देवीची शपथ वाहिलेले हसत होते, झोक्यावरच्या पोरी काही न समजता हसत होत्या. भाऊ मध्ये ताठ उभे होते, टोपी सरळ करून.

आणि तीन आठवडे तोंडातून एक शब्द न काढलेले नाना हसणाऱ्या एकेकाला नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन, शिव्या घालत होते.